प्रमाण माणूस

३ मार्च, सोमवार

सायकल बिघडली आहे. प्रयोगशाळेतली, जिला पायडल आहेत, सीट आहे, पण जी जागची हलत नाही ती. रजिस्टरात फक्त आकडे लिहायचे असतात, चिडचिड लिहायला तिथे रकाना नाही. म्हणून ही वही काढली.

उद्या ही कोणाच्या हाती पडली तर अर्थ लागावा, म्हणून आमची पद्धत लिहून ठेवतो. आम्ही सायकलपटूंची ताकद मोजतो. आणि मोजणारं यंत्र बरोबर आहे की नाही, ते माझ्यावरून मोजतो. रोज सकाळी साडेसातला मी सायकलवर बसतो. शंभर वॅटचा भार, मिनिटाला साठ फेरे, दहा मिनिटं. दहाव्या मिनिटाला माझी नाडी एकशे अठरा आली की यंत्र बरोबर. नाही आली तर चाकाभोवतीच्या पट्ट्याचा स्क्रू फिरवायचा, भार कमी-जास्त करायचा आणि पुन्हा बसायचं.

हे अकरा वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी ठरवलं. भार तपासायचं उपकरण मागवलं होतं, ते काही आलं नाही. सरांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आळीपाळीने सायकलवर बसवलं. शिपायाची नाडी सोमवारी एक आणि गुरुवारी भलतीच. ग्रंथपाल बाईंची तर दारातून कोण आलं यावर बदलायची. माझी सलग महिनाभर एकशे अठरा. सर म्हणाले, "हा माणूस बदलत नाही. हाच आपलं प्रमाण." सर निवृत्त झाले, पद्धत राहिली. पोरी मला तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे एकशेअठरा. मला ठाऊक आहे आणि मला ते आवडतं.

आज नाडी एकशे बावीस आली. म्हणजे पट्टा घट्ट झाला. स्क्रू पाव फेरा सैल केला, मग एकशे अठरा आली.

६ मार्च, गुरुवार

आमच्या इमारतीच्या जिन्याचंही काहीतरी बिनसलं आहे. तिसऱ्या मजल्यावर जायला मला कधी थांबावं लागत नव्हतं. आज दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा होतो, तेवढ्यात ही दार उघडून खाली डोकावली.

"अहो, काय झालं? धाप लागली का?"

"जिना बघतोय."

"अकरा वर्षं बघताय. अजून काय बघायचं राहिलं?"

टेप आणून मोजलाच. छप्पन्न पायऱ्या, प्रत्येकी साडेसतरा सेंटिमीटर. मधल्या एकीची उंची अठरा निघाली. हिला दाखवलं. ती टेपकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. ही घरी शिवणाचे वर्ग घेते, मापांशी तिचा रोजचा संबंध, तरी बाईला पुराव्याची किंमत नाही.

१० मार्च, सोमवार

पाच दिवसांच्या मोठ्या शर्यतीसाठी संघ निवडायचा आहे. सहा मुली, जागा पाच. कोचचा नियम असा की चाचणीआधी आठवडाभर विश्रांती द्यायची, पण सगळ्या संघाचा सराव एकदम थांबवायचा नाही. म्हणून दर शुक्रवारी एकच, सहा शुक्रवार. सहावा झाला की जिचा उंबरठा सगळ्यात खाली, ती घरी.

उंबरठा म्हणजे असं: दर चार मिनिटांनी वीस वॅट वाढवायचे आणि कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. ज्या भाराला रक्तात आम्ल साचायला लागतं, तो उंबरठा. त्याच्या अलीकडे माणूस तासभर चालवतो, पलीकडे काही मिनिटांत आडवा होतो.

क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी शेंडेफळाची निघाली. संघात सगळ्यात लहान म्हणून सगळ्या तिला शेंडेफळच म्हणतात. अंगाने काडी, पण चढावर सुटली की मागच्यांना फक्त तिचं मागचं चाक दिसतं. "काका, पहिली बरी की शेवटची बरी?" तिने विचारलं. मी म्हणालो, "माझ्या यंत्राला पहिली-शेवटची कळत नाही."

आज स्क्रू पुन्हा पाव फेरा सैल.

१४ मार्च, शुक्रवार

शेंडेफळ: उंबरठा दोनशे चौदा वॅट. उत्तम. कोचने पाठ थोपटली.

माझा गुडघा आता छान आहे. डिसेंबरपासून औषधवाल्याने दिलेली गोळी घेतो, उठल्याबरोबर, म्हणजे साडेसातपर्यंत गुण येतो. तो म्हणाला होता की काहीतरी खाऊन घ्या, पण खाल्लं की नाडी हलते. प्रमाण माणसाला पथ्य सांभाळावं लागतं.

२१ मार्च, शुक्रवार

दुसरी मुलगी: दोनशे एकवीस. गेल्या वर्षी ही शेंडेफळाच्या खाली होती. कोच खूश. त्याने महिन्यापासून सगळ्यांना पाय भिंतीला लावून झोपायला सांगितलं आहे. त्याचं म्हणणं, रक्त पायातून उतरतं आणि ताजं होतं. शेंडेफळ दोनच दिवस झोपली आणि म्हणाली, मुंग्या येतात. कोचने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बघितलंत ना? जी झोपली ती पुढे गेली."

सकाळी स्क्रू सैल केला. या आठवड्यात दोनदा.

१ एप्रिल, मंगळवार

न्हाणीघरातली ट्यूब बदलली. हिचा आग्रह की माझे ओठ पांढरे दिसतात. ट्यूबच तसली असेल तर कोणाचेही दिसतील. नवी लावली, पिवळसर. आता ओठ पिवळसर दिसतात. तीही सदोष निघाली, उद्या बदलून आणतो.

बर्फ खायला लागलो आहे. मुलींच्या गार जाकिटांसाठी प्रयोगशाळेत फ्रिज भरून बर्फ असतो. एक तुकडा तोंडात टाकला की कडाकडा चावावासा वाटतो, आणि एकावर भागत नाही. आज दुपारपर्यंत दोन ट्रे संपवले. शिपाई म्हणाला, "साहेब, डोहाळे लागलेत का?" मेमो देणार होतो, पण तोंडात बर्फ होता.

४ एप्रिल, शुक्रवार

तिसरीचे मागल्या शुक्रवारी दोनशे अठ्ठावीस. चौथीचे आज दोनशे छत्तीस. कोच भिंतीचे फोटो काढतो आहे. नुसत्या भिंतीचे, चारी बाजूंनी. कुठल्या तरी परिषदेत भाषण देणार आहे.

चौथीला सुई टोचत असताना शेंडेफळ दारात उभी होती. बाकीच्या गेल्यावर म्हणाली, "काका, सायकल हलकी झालीय का हो?"

मला राग आला. अकरा वर्षांत कोणी माझ्या सायकलीला हलकं म्हटलेलं नाही. तिला सांगितलं की आज सकाळी मी जातीने बसलो होतो आणि नाडी एकशे अठराच होती.

"नाही, तसं नाही. ती चौथी घामेजली नव्हती."

"तुझा नंबर खाली आला की दुसऱ्याचा घाम मोजायचा?" मी म्हणालो. ती वळली आणि गेली. जरा जास्तच बोललो.

११ एप्रिल, शुक्रवार

पाचवी: दोनशे त्रेचाळीस. श्वासातून शरीर किती ऑक्सिजन घेतं, तो आकडा मात्र कोणाचाच वाढलेला नाही, मागच्या वर्षी होता तेवढाच. कोचला दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त काम! याला म्हणतात कार्यक्षमता." मीही मान डोलावली. पटलं असं नाही, पण उभं राहून वाद घालायचा कंटाळा आला होता. हल्ली उभं राहायचाच कंटाळा येतो. प्रयोगशाळेची फरशी कडक झाली असावी.

हिने आज नवीन शर्टासाठी माप घेतलं. मनगट हातात धरून जरा जास्त वेळ थांबली.

"माप घेतेस की नाडी?"

"नाडी कशी घेतात ते मला काय ठाऊक? तुमच्या हाताला हल्ली ऊबच नसते."

"हवा गार आहे."

"एप्रिल आहे, अहो."

डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. मी तिला समजावलं की माझी तपासणी रोज होते, देशातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त वेळा होते, आणि रोज एकशे अठरा येते. आत जाऊन तिने मशीन सुरू केलं आणि बराच वेळ नुसतंच चालवलं.

२२ एप्रिल, मंगळवार

शुक्रवारी सहावीचे दोनशे एकोणपन्नास आले. आज यादी लागली. शेंडेफळ सगळ्यात खाली, बाहेर.

ती रडली नाही. फळ्यासमोर उभी राहून सहाही आकडे वहीत उतरवून घेतले आणि गेली. या वर्षी नाही तर तिला पुढे संधी नाही, हे कोचनेच सांगितलं. घरचे एवढंच वर्ष थांबायला तयार आहेत, त्यानंतर तिच्या चुलत्याच्या दुकानात बसायचं ठरलं आहे. मला वाईट वाटलं. पण आकडे आकडे असतात, त्यात मी काय करणार.

आज पायऱ्यांवर तीनदा थांबलो. सोसायटीला पत्र लिहिलं आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

शेंडेफळ आली. सरळ माझ्या टेबलापुढे बसली.

"काका, सहावी आणि मी रोज टेकडीवर एकत्र जातो. वर पोचताना ती माझ्या मिनिटभर मागे असते. आजही होती. मग तुमच्याकडे ती माझ्यापेक्षा पस्तीस वॅटनी पुढे कशी?"

"टेकडी कोणी तपासली आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच आपलं वाक्य ऐकू आलं. मग म्हणाली, "स्क्रूचं रजिस्टर बघू का?"

दिलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे? प्रत्येक पाव फेरा मी बाणाने नोंदवतो, उजवीकडे म्हणजे घट्ट, डावीकडे म्हणजे सैल. ती जुन्या पानांपासून सुरू झाली. अर्धा तास पानं उलटत होती, मी बर्फ चावत होतो.

"काका, दहा वर्षं सगळे बाण उजवीकडे आहेत. तीन-चार महिन्यांतून एखादा."

"पट्टा झिजतो. झिजला की सैल पडतो. मग आवळावा लागतो."

"आणि फेब्रुवारीपासून सगळे डावीकडे. एकवीस बाण. झिजलेला पट्टा आपोआप घट्ट कसा होईल?"

मी तिला बाहेर काढलं. म्हणालो, मोठ्या सरांनी घालून दिलेल्या पद्धतीवर कालच्या पोरीने बोट ठेवायचं काम नाही. ती उठली. दारातून म्हणाली, "मी यंत्राबद्दल बोलतच नाहीये, काका."

तेव्हापासून पट्ट्याचा विचार करतो आहे. घट्ट कसा होईल? दमटपणाने? उंदराने? काहीच जुळत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

खरं ते लिहितो, लपवायचं कोणापासून?

आज सात वाजताच गेलो. रजिस्टर समोर ठेवून एकवीस पाव फेरे मोजून उजवीकडे फिरवले. स्क्रू जानेवारीत होता तिथे आला. मग बसलो. शंभर वॅट. चौथ्या मिनिटाला नाडी एकशे सदतीस. सहाव्याला एकशे एक्कावन्न. सातव्याला समोरची भिंत काठाकाठाने काळी व्हायला लागली आणि मी उतरलो. उतरलो म्हणजे सायकलीच्या गळ्यात पडलो.

फरशीवर बसल्या बसल्या सुई घेतली आणि स्वतःच्या कानाला टोचली. अकरा वर्षांत हजारो थेंब घेतले असतील, स्वतःचा हा पहिला. रक्त तपासणाऱ्या यंत्राने आम्लाचा जो आकडा दाखवला तो मुली शेवटच्या टप्प्याला, दात-ओठ खात असताना दाखवतात. मी शंभर वॅटवर होतो. शंभर वॅटवर म्हणजे बाजारात भाजी आणायला जाताना माणूस असतो तसा.

आणि थेंबाचा रंग. मुलींचा थेंब काचेवर गडद दिसतो. माझा गुलाबी होता, पलीकडचं दिसेल असा. आधी वाटलं, काच सदोष आहे. काच बदलली. मग दुसरी काचही बाजूला ठेवली.

यंत्र ठीक आहे. जिना ठीक आहे. ट्यूबसुद्धा दोन्ही ठीक होत्या.

सगळ्यात लाज याची वाटली की शेंडेफळ पहिल्या शुक्रवारी बसली तेव्हा पट्टा जवळजवळ बरोबर होता. तिच्यानंतर जिची जितकी उशिरा चाचणी, तिला तितकी हलकी सायकल. त्या मुली पुढे गेल्याच नाहीत. मी मागे पडत गेलो आणि त्यांना पुढे ढकलत गेलो.

२६ एप्रिल, शनिवार

दिवसभर पत्र लिहिलं. आठ वेळा फाडलं. प्रत्येक वेळी "तांत्रिक कारणास्तव" हे शब्द कुठून तरी घुसायचे. शेवटी ही मागे येऊन उभी राहिली.

"काय लिहिताय?"

सांगितलं. सगळं, काचेपर्यंत. ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मग तेच लिहा. मला सांगितलंत तसं."

म्हणून असं लिहिलं: "सायकलीत दोष नव्हता. दोष माझ्यात होता आणि मी तो सायकलीत दुरुस्त करत राहिलो. १४ मार्चनंतरच्या पाचही चाचण्या चुकीच्या आहेत. पट्ट्याला वजनं टांगून भार ठरवावा आणि सहाही मुलींची चाचणी येत्या गुरुवार-शुक्रवारी पुन्हा घ्यावी." सही करताना खाली "प्रमाण माणूस" लिहायची सवय आहे. नुसतं "टेक्निशियन" लिहिलं.

ही म्हणाली, आत्ता दवाखान्यात चला. मी म्हणालो, सोमवारी पत्र देतो आणि तिथूनच. यादी पुढच्या शनिवारी पक्की होऊन पुढे जायची आहे. ती खूप भांडली. मी ऐकलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

कालचं आज लिहितो आहे, आडवा पडून.

कोचने पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. मग म्हणाला, "आणि माझी भिंत?" प्रयोगशाळेचं दार मी स्वतःच्या पायांनी ओलांडलं एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते हॉस्पिटलचं छत. मधल्या वेळात शेंडेफळाने मला रिक्षात घातलं आणि हिला फोन केला.

डॉक्टर बाईंनी कागद बघून विचारलं, "तुम्ही चालत आलात?" रक्तातलं हिमोग्लोबिन पाच पूर्णांक नऊ, जिथे तेरा तरी हवं. गुडघ्याच्या गोळीने रिकाम्या पोटात जखम केली होती, डिसेंबरपासून तिथून थोडं थोडं रक्त जात होतं. बर्फ खाता का, हेही त्यांनी विचारलं. त्यांना कसं कळलं कोण जाणे! हिने माझं रजिस्टर त्यांच्यापुढे टाकलं. हिने ते कधी उचललं मला ठाऊक नाही. डॉक्टर बाई बाण बघत गेल्या आणि म्हणाल्या, "दुखणं इतकं नीट नोंदवून ठेवलेला पेशंट मी पाहिला नाही. फक्त वाचायचं राहिलं."

तातडीने रक्त द्यायचं होतं. पेढीत माझ्या गटाच्या दोन बाटल्या होत्या, त्या मला दिल्या तर पेढी रिकामी होत होती, म्हणून बदल्यात कोणीतरी रक्त द्या म्हणाले. हिचा गट वेगळा. शेंडेफळ पुढे झाली, "माझा तोच आहे." आणि बाही वर केली.

मी ओरडलो. अकरा वर्षांत मी ओरडलेलो नाही. "हात खाली कर! एक बाटली दिलीस तर तीन आठवडे तुझा उंबरठा खाली राहील. ठाऊक आहे का तुला काही? गुरुवार-शुक्रवारी चाचणी आहे तुझी!"

"काका, चाचणी गेली खड्ड्यात."

"चाचणी खड्ड्यात घालायचीच होती तर मी पत्र कशाला दिलं? हात खाली!"

नर्स दोघांनाही दटावत होती. तेवढ्यात कोच आला, हातात माझं पत्र, तोंडाचा पट्टा दारापासूनच सुरू. "तुम्ही माझी दोन वर्षांची मेहनत..." नर्सने विचारलं, "तुमचा गट?" त्याने शिव्यांच्या मध्येच तो सांगितला. नशीब बघा, तोच निघाला. तिने त्याचा दंड धरून त्याला आत नेलं. पेढीचं दार उघडंच होतं आणि माझी स्ट्रेचरची गाडी बाहेर. रबरी चेंडू दाबत दाबत तो वीस मिनिटं मला बोलत होता. बेजबाबदार, अडाणी, एका स्क्रूने परिषद बुडवली. नर्स म्हणे, "छान, असंच बोलत राहा, रक्त भराभर येतंय." शेवटी बिस्किट हातात घेऊन बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वजनं किती किलोची टांगायची तेवढं लिहून द्या."

लिहून दिलं.

१ मे, गुरुवार

तीन बाटल्या झाल्या. ही म्हणते ओठ दिसायला लागले. मी आरशात बघितलं नाही, तिच्यावर विश्वास ठेवला.

आज तीन मुलींच्या चाचण्या. कोचने फोनवर आकडे सांगितले: दोनशे आठ, दोनशे बारा, दोनशे एकोणीस. सगळ्या जमिनीवर आल्या. शेंडेफळाची उद्या, शेवटी. या वेळी चिठ्ठी तशी निघाली.

काही खाल्लं नाही. ही रागावली, मग दोन घास भरवले.

२ मे, शुक्रवार

सकाळपासून बोटाला चिमटा लावलेला आहे आणि उशाशी पडद्यावर नाडी दिसते. ब्याऐंशी, त्र्याऐंशी. मी तिकडे पाठ करून झोपलो.

साडेअकराला फोन आला. धापा टाकतच बोलत होती, सायकलवरून उतरलीही नसावी.

"काका, दोनशे सोळा. दुसरी आले. काका, ऐकताय ना? मी आत आहे!"

फोन कानाला धरून नुसता बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पडद्यातलं काहीतरी टूं टूं करायला लागलं, नर्स धावत आली, म्हणाली, "अहो, एकशे चाळीसच्या वर गेली यांची! आडवे व्हा, आडवे व्हा!" आणि डॉक्टरांना बोलवायला वळली.

हिने तिचा हात धरला.

"काही झालेलं नाही हो. आनंद झालाय त्यांना. जाऊ द्या वर."